कूलंटमधली हवा: बुडबुड्यांवर नाही, मापावर विश्वास

वॉटर पंप, होज (रबरी नळी) किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारी कूलंटच्या वाटेतली झडप) बदलायचा म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारा द्रव, काढून कूलिंग सिस्टीम रिकामी करणं आलं, आणि रिकामी केली की आत हवा शिरणारच. ती पुन्हा बाहेर काढणं हे निम्मं काम आहे, पण घाईच्या गॅरेजात नेमकं तेच राहतं. रेडिएटर तोंडापर्यंत भरला, कॅप फिरवली, गाडी दिली. मग घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना काटा वर सरकतो, डॅशबोर्डमागे गळगळ आवाज येतो, आणि मालकाला ऐकवलं जातं की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं सील) गेली असणार. गॅस्केट खरोखर गेलेलीही असते कधी कधी. पण आधी हवा नीट काढल्याशिवाय ते सांगताच येत नाही.

पुढचं वर्णन ठाण्यातल्या एका सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये केलेल्या कामाचं आहे. गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, कॅप रेडिएटरवरच, बाजूला साधी बिनदाबाची रिझर्व्ह बाटली. पंपाच्या सीलमधून गळती होती म्हणून पंप, थर्मोस्टॅट आणि वरचा-खालचा होज बदलला. उघडं पार्किंग मुद्दाम निवडलं. हवा काढायला इंजिन पाऊण-एक तास चालू ठेवावं लागतं आणि बंद बेसमेंटमध्ये तेवढा वेळ धूर कोंडणं जिवावर बेतू शकतं.

बुडबुडे यायचे थांबले की हवा गेली, असं बहुतेक जण धरून चालतात. आम्ही मापावर चालतो. सिस्टीममधून जेवढं उतरलं तेवढं परत आत गेलंच पाहिजे. जे कमी पडतं तेवढी हवा अजून आत बसलेली आहे. त्यासाठी काम सुरू करण्याआधी थंड इंजिनवर रेडिएटर काठोकाठ भरून घेतला. गळकी सिस्टीम आधीच अर्धवट रिकामी असते, तेव्हा निघालेल्या मापाला काही अर्थ राहत नाही. मग खाली स्वच्छ घमेलं लावून ड्रेन कॉक उघडला. हा कॉक प्लॅस्टिकचा असतो, हातानेच फिरवायचा. पकड लावली की डोकं तुटून हातात येतं. खालचा होज काढल्यावर आणखी उतरलं. सगळं मिळून मापाच्या भांड्यात 3 लिटर 400 मिली. रिझर्व्ह बाटलीतलं वेगळं मोजलं, ते या हिशेबात धरलेलं नाही.

सिस्टीमची एकूण क्षमता मात्र यापेक्षा जास्त असते. ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या जाळीत लिटरभर तरी मागे राहतंच. नुसतं कूलंट बदलताना त्याने फारसं बिघडत नाही. पण आतून साध्या पाण्याने फ्लश केलं असेल तर मागे राहतं ते पाणी असतं, आणि वरून तयार 50:50 (निम्मं कूलंट, निम्मं पाणी) मिश्रण ओतलं तर शेवटी हाती लागतं पातळ कूलंट. अशा वेळी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणावं. मॅन्युअलमध्ये क्षमता चार लिटर दिली असेल तर आधी दोन लिटर कॉन्सन्ट्रेट, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरायची. आम्ही फ्लश केलं नव्हतं, त्यामुळे त्याच जातीचं तयार मिश्रण वापरलं. कूलंटच्या रंगावर जाऊ नका. हिरवा, निळा, गुलाबी हा कंपनीने घातलेला रंग आहे, आतलं रसायन त्यावरून कळत नाही. डब्यावरची स्पेसिफिकेशन मॅन्युअलशी जुळवायची. आणि पाणी बॅटरीवाल्याकडे मिळतं तेच. घोडबंदरच्या सोसायट्यांत टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी येतं, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात.

एवढ्याशा हवेने इतका गोंधळ का होतो, हे एकदा समजलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप सुचते. वॉटर पंप सेंट्रिफ्यूगल असतो. त्याची पाती द्रव बाहेर फेकतात, पण हवा त्यांना ढकलता येत नाही. पंपात मोठा बुडबुडा आला की पंप नुसता फिरत राहतो, प्रवाह थांबतो. हवा नेहमी उंच जागा धरते: सिलिंडर हेडचा वरचा भाग, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, फायरवॉलजवळची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळची) हीटरची नळी. हेडमध्ये जिथे हवा बसते तिथल्या धातूची उष्णता कोणी उचलत नाही, तेवढाच तुकडा तापून कूलंटची वाफ होते आणि बुडबुडा आणखी फुगतो. सगळ्यात घातक म्हणजे टेम्परेचर सेन्सर हवेत राहणं. त्याला द्रवाचा स्पर्शच नसतो, तो कमी तापमान सांगत बसतो, ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) फॅन लावत नाही आणि इंजिन आतल्या आत भाजत राहतं. काट्यावर सगळं आलबेल. तसेही बहुतेक गाड्यांचे काटे मुद्दाम मंद ठेवलेले असतात, बऱ्याच मोठ्या पट्ट्यात ते मध्यावरून हलत नाहीत. आणि हल्लीच्या कित्येक छोट्या गाड्यांत काटाच नाही, नुसता निळा आणि लाल दिवा. म्हणून गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटात बसणारा स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी डोंगल लावून मोबाइलवर तापमानाचा आकडा बघत काम करावं. या कामात त्या आकड्याइतका उपयोग दुसऱ्या कुठल्याच हत्याराचा होत नाही.

थर्मोस्टॅट बसवताना एक गोष्ट बघायची. त्याच्या पत्र्याच्या कडेला एक छोटं भोक असतं आणि त्यात सैल लोंबणारी पिन, जिगल पिन. थर्मोस्टॅट बंद असताना मागे अडकलेली हवा याच भोकातून वर सटकते, म्हणून पिन घड्याळातल्या बाराच्या जागी, सगळ्यात वर यायला हवी. खाली बसवली तर हवेला वाटच उरत नाही आणि वरून कितीही कूलंट ओता, इंजिनच्या बाजूने पोकळी तशीच राहते. आणि हो, 'मुंबईच्या हवेत थर्मोस्टॅटची गरजच काय, काढून टाका' हा सल्ला ऐकू नका. तो काढला की इंजिन नीट तापतच नाही, मिक्श्चर जाड राहतं, पेट्रोल जास्त लागतं, आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे.

आता उंची. आमच्या गाडीत हीटरच्या नळ्या फायरवॉलवर रेडिएटरच्या तोंडापेक्षा दोन-तीन बोटं वर होत्या. सपाट जागेवर कितीही भरलं तरी त्या नळ्यांतली हवा तोंडाकडे येणार नाही. गाडीचं नाक वर केलं की तोंड सगळ्यात उंच होतं. पुढच्या चाकांखाली लाकडी ठोकळे चालतात, पण पोडियमच्या रॅम्पचा वापरात नसलेला शेवट मिळाला तर त्याहून बरं. इंजिन चालू राहणार म्हणजे गाडी न्यूट्रलमध्येच असणार, गिअरचा आधार नाही. तेव्हा हँडब्रेक पूर्ण ओढून मागच्या दोन्ही चाकांमागे दगड किंवा विटा. नुसत्या हँडब्रेकवर उतारावरच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालू नये.

तोंडावर फनेल हवं, आणि ते घट्ट बसणारं. ऑनलाइन मिळणारं स्पिल-फ्री फनेल अडॉप्टरसह येतं. ते नसेल तर कूलंटचाच किंवा ऑइलचा जाड डबा तळाशी कापून, गळ्याला सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळून दाबून बसवला तरी भागतं. पाण्याची पारदर्शक बाटली कापून लावणारे बरेच दिसतात. कूलंट सत्तर-ऐंशी डिग्रीला पोचलं की ती बाटली मऊ पडून एका बाजूला कलंडते आणि गरम कूलंट थेट अल्टरनेटरवर. फनेलमध्ये कायम चार बोटं द्रव उभा ठेवायचा. त्यामुळे द्रवाची पातळी सिस्टीमच्या सर्वांत उंच जागेच्याही वर राहते, बुडबुडा वर आला की त्याची जागा लगेच कूलंट घेतं, हवा परत आत ओढली जात नाही.

भरताना धार बारीक. लिटरभर जायला दोन-तीन मिनिटं लागू द्यावीत. भसकन ओतलं की हवेला परतीची वाट मिळत नाही. या गाडीत पहिल्या भरण्यात 2 लिटर 600 मिली गेलं आणि पातळी थांबली. म्हणजे 800 मिली हवा आत. इथेच कॅप लावून गाडी दिली असती तर दिसायला रेडिएटर भरलेला होता! मग इंजिन न लावता वरचा होज हाताने दाबून सोडायचा, हळूहळू, पंपासारखा. पहिल्या चार-पाच दाबांत काही होत नाही, मग एकदम गडगड करून मोठा बुडबुडा येतो आणि फनेलमधली पातळी झपकन उतरते. खालचा होजही तसाच. यात आणखी 150 मिली गेलं.

इंजिन लावण्याआधी हीटरची नॉब पूर्ण गरम बाजूला, ब्लोअर पहिल्या स्पीडवर, एसी बंद. एसी चालू राहिला तर रेडिएटर फॅन सतत फिरतो, तापमान चढायला उगाच वेळ लागतो आणि फॅन स्वतःच्या सेन्सरवर लागतो का, हे कळतच नाही. ठाण्या-नवी मुंबईत हीटरची नॉब वर्षानुवर्षं थंड बाजूलाच असते. ज्या जुन्या गाड्यांत नळीवर हीटर व्हॉल्व्ह असतो तिथे हा व्हॉल्व्ह त्याच जागी अडकून बसलेला सापडतो. केबल ओढली जाते, पण व्हॉल्व्ह हलत नाही, आणि हीटरची जाळी भरायचीच राहते. अशा वेळी बॉनेटमधून व्हॉल्व्हचा दांडा हाताने हलवून बघावा, पण बेताने. जुनं प्लॅस्टिक असतं. बऱ्याच नव्या गाड्यांत हा व्हॉल्व्हच नाही, कूलंट हीटरमधून सतत फिरतं आणि नॉब फक्त हवेचं झाकण फिरवते. तिथे नॉब फिरवल्याने हवा निघायला मदत होत नाही, पण एक उत्तम खूण मिळते: व्हेंटमधून गरम हवा आली म्हणजे जाळीतून प्रवाह चालू आहे. इंजिन नव्वदवर आणि व्हेंटमधून थंड वारा असेल तर बुडबुडा तिथेच अडकलाय.

इंजिन आयडलवर. पहिली काही मिनिटं फनेलमध्ये बारीक बुडबुडे येत राहतात, मग थांबल्यासारखे वाटतात. घाईत फसायची जागा हीच. थर्मोस्टॅट अजून उघडलेला नसतो. आमच्या थर्मोस्टॅटवर 82 कोरलेलं होतं, म्हणजे 82 ला उघडायला सुरुवात आणि पूर्ण उघडायला त्यावर दहा-बारा डिग्री. मोबाइलवरचा आकडा 84-85 झाला तरी खालचा होज थंडच होता, आणि मग काही सेकंदांत तो हाताला कोमट, नंतर गरम लागायला लागला. त्याच वेळी फनेलमध्ये मुठीएवढा बुडबुडा फुटला आणि पातळी खाली गेली. लगेच भर घातली. यानंतर कोणीतरी अ‍ॅक्सिलरेटर 2000 ते 2500 आरपीएमवर पंधरा-वीस सेकंद धरून सोडायचा, असं काही वेळा. रेव्ह चढला की पंप पातळी खाली ओढतो, सोडला की ती वर उसळते, म्हणून बॉनेटजवळच्या माणसाने तोंड फनेलच्या वर धरू नये. या खेचाखेचीत हेडच्या कोपऱ्यातले आणि हीटरमधले हट्टी बुडबुडे सुटतात. 97 ला फॅन लागला, 92 ला बंद झाला. दोन-तीन वेळा तो असा लागून बंद होऊ दिला. आकडा सावकाश चढला-उतरला तर ठीक. 88 वरून एकदम 103 आणि परत 90 अशा उड्या मारत असेल तर सेन्सरसमोरून हवा जाते आहे, काम चालू ठेवायचं. फॅन लागलाच नाही आणि आकडा 105 पार गेला तर इंजिन बंद.

या टप्प्यात 350 मिली गेलं, एकूण 3 लिटर 100. अजून 300 बाकी. पण हे 300 म्हणजे सगळी हवा नव्हे. 50:50 कूलंट वीस डिग्रीपासून नव्वदपर्यंत तापताना सुमारे चार टक्के फुगतं. साडेचार लिटरच्या सिस्टीममध्ये ते पावणेदोनशे मिलीच्या आसपास होतं. गरम असताना जागा आधीच फुगलेल्या द्रवाने व्यापलेली असते, ती थंड झाल्यावरच मोकळी होते. त्यामुळे गरम इंजिनवर हिशेब जुळवायला जाऊ नये.

इंजिन बंद करून थोडं निवू दिलं, मग फनेलचा बूच लावून ते काढलं, फनेलमधलं उरलेलं मोजून वजा केलं, तोंड काठोकाठ भरून कॅप लावली. रिझर्व्ह बाटली मॅक्सपर्यंत, आणि पातळीवर मार्कर पेनाने रेघ. कॅपबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण परत परत हवा धरणाऱ्या गाड्यांत निम्म्या वेळा दोष तिचाच निघतो. तिच्यात दोन झडपा असतात. मोठी स्प्रिंगवाली ठरलेल्या दाबाला उघडते. आमच्या कॅपवर 0.9 होतं, म्हणजे 0.9 बार. त्या दाबाखाली नुसतं पाणी सुमारे 119 ला उकळतं, 50:50 मिश्रण 125 च्याही पुढे. मधली छोटी झडप उलट्या दिशेची: इंजिन थंड होताना आत ओढ निर्माण होते, तेव्हा ही उघडून रिझर्व्ह बाटलीतलं कूलंट परत आत घेते. रबर कडक झालं असेल, झडपेत गाळ बसला असेल, बाटलीकडे जाणारी पातळ नळी कुठे चिरली असेल किंवा तिचं टोक बाटलीत पातळीच्या वर लटकत असेल, तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते. रोज रात्री थोडी थोडी. दिवसा कितीही ब्लीड करा, म्हणजे हवा काढा. कॅप दोन-अडीचशेच्या आसपास मिळते, संशय असेल तर बदलूनच टाकावी, मात्र आकडा तोच हवा. जास्त दाबाची कॅप लावून गाडी 'थंड ठेवायचा' प्रयत्न केला की सगळ्यात जुना होज फुटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण थंड इंजिनवर, बाटली मार्करच्या रेघेपासून जवळपास मिनपर्यंत उतरली होती. हे चांगलं लक्षण. आतली हवा बाहेर गेली, तिच्या जागी कूलंट ओढलं गेलं, म्हणजे कॅप आणि नळी दोन्ही काम करतायत. वरचा होज दाबून बघितला, मऊ होता, मगच कॅप उघडली. गरम इंजिनवर ती कधीही उघडायची नाही. दाब सुटला की 110 डिग्रीचं कूलंट त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं, फडकं धरून भागत नाही. बाटलीत आणि तोंडात मिळून 250 मिली मावलं. एकूण 3350. उरलेले 50 पुढच्या चक्रात गेले आणि त्यानंतर बाटलीची पातळी सकाळी रेघेवरच राहायला लागली.

मधल्या काळात गाडी चालवली, पण जवळच. वाघबीळ-आनंदनगरच्या आत, एसी बंद, डोंगल चालू, डिकीत दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर. गायमुख घाटाचा चढ हवेची खरी परीक्षा घेतो, कारण तिथे ट्रकच्या मागे कमी वेगात जास्त जोर लागतो. म्हणून तो हिशेब पूर्ण जुळल्यावर. नवी मुंबईकरांनी पाम बीच रोडवर समाधान मानू नये. सलग साठ-सत्तरच्या वेगात समोरून वारा मिळतो, तिथे अर्धी बिघडलेली सिस्टीमही तापमान धरून ठेवते. बेलापूरला पारसिक हिलचा चढ किंवा संध्याकाळचा ठाणे-बेलापूर रोड जास्त खरं बोलतो.

दुसऱ्या धाटणीच्या गाड्यांत, म्हणजे रेडिएटरवर कॅपच नाही आणि प्लॅस्टिकची दाबाची टाकी सगळ्यात उंच, तिथे काम सोपं असतं. फोक्सवॅगन, स्कोडा, टाटाच्या बऱ्याच गाड्या अशा. रेडिएटरच्या किंवा इंजिनच्या माथ्यावरून एक बोटभर जाडीची नळी टाकीत येते आणि हवा सतत तिकडे सोडत राहते. इंजिन गरम असताना टाकीत त्या नळीतून बारीक धार पडताना दिसली पाहिजे. तपकिरी गाळाने ही नळी किंवा टाकीची निपल बुजली की गाडी आपोआप ब्लीड होणं बंद, आणि मालक टाकी भरत बसतो. तारेने हळू साफ करावी. निपल उन्हाने ठिसूळ झालेली असते, कट्‌कन तुटते. काही इंजिनांवर थर्मोस्टॅट हाउसिंगवर किंवा हीटरच्या नळीवर ब्लीड स्क्रू असतो: भरताना उघडा ठेवायचा, फुसफुस थांबून बुडबुड्याविना सलग धार आली की बंद. तो प्लॅस्टिकचा असेल तर दोन बोटांच्या जोराने. इलेक्ट्रिक वॉटर पंपाच्या गाड्यांत पंप इंजिनवर नाही, ईसीयूच्या हुकमावर चालतो. तिथे कंपनीची ठरलेली पद्धत किंवा स्कॅनर लागतो, होज दाबून उपयोग नाही. कॉम्प्रेसरवर चालणारं व्हॅक्यूम फिलर असलेलं गॅरेज सापडलं तर उत्तमच. ते आधी सिस्टीममधली हवा ओढून -0.8 बारच्या आसपास नेतं, होज चपटे होतात, पाच मिनिटं काटा हलला नाही तर गळती नाही, आणि मग त्याच ओढीने कूलंट आत भरतं. हवेला जागाच राहत नाही.

सगळं करूनही बुडबुडे संपतच नसतील तर हवा आत राहिलेली नाही, ती तयार होते आहे. गाडी रात्रभर थंड झाल्यावर सकाळी लावली आणि मिनिट-दोन मिनिटांत, इंजिन कोमटही नसताना, वरचा होज दगडासारखा कडक झाला, किंवा फनेलमध्ये रेव्हच्या तालावर एकसारखे बारीक बुडबुडे आले, तर सिलिंडरमधला दाब कूलंटमध्ये येतोय. तेव्हा ब्लॉक टेस्टर मागावा: रेडिएटरच्या तोंडावर लावायची नळी, आत निळं द्रावण. वायूत कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल इंजिनवर ते पिवळं पडतं. पिवळं पडलं तर हेड उघडायचंच, आणि उघडलं की फेसिंगची (हेडच्या बसणीच्या पृष्ठभागाची) सपाटी तपासल्याशिवाय नवी गॅस्केट टाकू देऊ नका.

काम झाल्यावर घमेल्यातलं जुनं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्यावं आणि जमिनीवर सांडलेलं भरपूर पाण्याने तिथेच धुवावं. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं. सोसायटीतली मांजरं आणि कुत्री ते चाटतात, आणि थोड्याशा प्रमाणातही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.